दुबईचा फोन, इथलं सिम: सॅमसंगचं रीजनल फर्मवेअर ओळखायचं आणि बदलायचं कसं

आखातातून सुट्टीवर आलेला माणूस घरच्यांसाठी एखादा गॅलक्सी घेऊन येतो. रत्नागिरी-चिपळूणपासून मडगावपर्यंत हे नेहमीचंच. फोन नवा, खोका सीलबंद, किंमतही बरी. जिओचं सिम घातलं की इंटरनेट सुरू होतं, पण कॉल लावला तर कधी कधी लागतच नाही. लागला तर कॉल रेकॉर्डिंगचं बटण सापडत नाही. किंवा शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलवर नवं अपडेट येऊन महिना उलटतो आणि या फोनवर काहीच येत नाही. दुकानात नेला की ठरलेलं उत्तर मिळतं, "बाहेरचा पीस आहे, इंडियाचं सॉफ्टवेअर मारावं लागेल."

हे उत्तर कधी बरोबर असतं, कधी साफ चुकीचं. चुकीचं असेल तर फोनमधले फोटो जातात, कधी फोनच जातो. म्हणून सॉफ्टवेअर मारण्याआधी फोनच्या आत देशांची विभागणी कशी केलेली असते ते समजून घ्यायला हवं. इथे उदाहरण सॅमसंगचं घेतलं आहे, कारण बाहेरून येणाऱ्या फोनांत त्याच्याबद्दलच हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याची रचनाही चांगली माहीत आहे.

अडचण नेमकी कुठे आहे?

"बाहेरचा फोन" म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट हार्डवेअर. फोनमध्ये कुठला प्रोसेसर आहे, अँटेना कुठले बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) पकडते, सिमचे किती खण आहेत, हे कारखान्यातच ठरतं. ते कुठल्याही सॉफ्टवेअरने बदलत नाही.

दुसरी गोष्ट कुलूप. अमेरिकेत सिम कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला फोन त्याच कंपनीच्या सिमवर चालेल असा बांधलेला असतो. सॅमसंगचं स्वतःचं एक प्रादेशिक कुलूपही आहे. काही देशांतल्या खोक्यांवर तसा स्टिकर असतो: त्या प्रदेशातल्या सिमवरून आधी एकूण ५ मिनिटांचे कॉल करा, मग कुठलंही सिम चालेल. २०१३ मध्ये नोट ३ च्या वेळी हा प्रकार सुरू झाला. फोन दुबईहून आणणार असाल तर निघण्यापूर्वी तिथल्याच सिमवरून ५-१० मिनिटं बोलून घ्या. इथे आल्यावर फोन अनलॉक कोड मागत असेल तर तो कुलपाचा प्रश्न आहे. रीजन बदलून तो सुटत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे फर्मवेअरचं, म्हणजे कंपनीने फोनमध्ये घातलेल्या मूळ सॉफ्टवेअरचं, रीजन, आणि हा लेख तिच्याबद्दल आहे. कुठल्या कंपनीचं व्हीओएलटीई (फोरजीवरून कॉल) आणि वायफाय कॉलिंग चालू ठेवायचं, कॉल रेकॉर्डिंग द्यायचं की नाही, कॅमेऱ्याचा आवाज बंद करू द्यायचा की नाही, सॅमसंग वॉलेटमध्ये कुठल्या देशाच्या सोयी दाखवायच्या, अपडेट कुठल्या रांगेतून घ्यायचं, हे सगळं एका तीन अक्षरी कोडवर ठरतं. त्याला सीएससी म्हणतात. कोरियात विकलेल्या फोनचा कॅमेरा सायलेंट मोडवरही खटका वाजवतो, तो याच कोडमुळे. भारताच्या फर्मवेअरमध्ये कॉल रेकॉर्डिंग असतं आणि युरोपच्या फर्मवेअरमध्ये ते वर्षानुवर्षं नव्हतं, त्यामागेही हाच कोड.

जिओवर कॉल का लागत नाही, तेही यातूनच कळतं. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून जिओच्या जाळ्यात टूजी-थ्रीजी नाहीच. तिथे आवाजसुद्धा फोरजीच्या डेटावरून जातो, म्हणजे व्हीओएलटीईने. त्यासाठी जिओच्या सेटिंग फोनला माहीत असाव्या लागतात आणि त्या फर्मवेअरमधून येतात. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम असेल तर व्हीओएलटीई नसतानाही फोन टूजीवर उतरून कॉल लावतो. म्हणून पहिली चाचणी अगदी सोपी आहे. त्याच फोनमध्ये एअरटेलचं सिम घालून कॉल करा. लागला तर अँटेना ठीक आहे आणि अडचण व्हीओएलटीईची आहे. दोन्ही सिमवर रेंजच येत नसेल तर आधी बँड आणि कुलूप तपासा, फर्मवेअरच्या मागे लागू नका.

फाइव्हजीचंही असंच झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतात सेवा सुरू झाली तेव्हा अनेक फोनांत हार्डवेअर तयार होतं, पण भारतासाठी फाइव्हजी उघडणारं अपडेट यायचं होतं. जिओचं फाइव्हजी स्टँडअलोन, म्हणजे फक्त फाइव्हजीच्या जाळ्यावर चालणारं आहे आणि एअरटेलने नॉन-स्टँडअलोनपासून, म्हणजे फोरजीच्या आधाराने चालणाऱ्या प्रकारापासून सुरुवात केली. त्यामुळे एकाच फोनवर एकाचं फाइव्हजी दिसतं आणि दुसऱ्याचं नाही, असंही होतं.

कोड वाचायचा कसा

सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी अबाउट फोन उघडा. तिथला मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या. मग सॉफ्टवेअर इन्फर्मेशनमध्ये जाऊन सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जन नावाची ओळ शोधा. त्यात मॉडेल, पॅकेजचं नाव आणि शेवटी तिरप्या रेघांनी तोडलेले तीन अक्षरी कोड दिसतात. त्यांतला पहिला कोड सध्या चालू असलेल्या रीजनचा. पुढचे कोड वेगळे दिसले तर तेही लिहून ठेवा, फोनने कधीतरी देश बदलल्याची ती खूण असते.

नेहमी भेटणारे कोड असे: भारताचा आयएनएस, संयुक्त अरब अमिरातीचा एक्सएसजी, सौदीचा केएसए, कोरियातल्या खुल्या फोनचा केओओ, हाँगकाँगचा टीजीवाय, अमेरिकेतल्या अनलॉक फोनचा एक्सएए आणि अलीकडच्या युरोपीय फोनांचा सामाईक ईयूएक्स.

यांच्या वर आणखी एक थर आहे, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. सॅमसंग प्रत्येक देशासाठी वेगळं फर्मवेअर बांधत नाही. अनेक देशांचे कोड एका पॅकेजमध्ये घालते आणि फोन त्यातला एक निवडतो. कोरियाचं पॅकेज ओकेआर, आखात आणि आफ्रिकेचं ओजेएम. भारतात ए आणि एम मालिकेतल्या बऱ्याच फोनांना ओडीएम असतं. एस मालिकेच्या अलीकडच्या फोनांत मात्र भारताचा आयएनएस युरोपच्या मोठ्या ओएक्सएम पॅकेजमध्येच असतो. तुमच्या फोनचं पॅकेज आणि हवा असलेल्या देशाचं पॅकेज एकच असेल तर दोन्ही देशांचं सामान फोनमध्ये आधीपासूनच आहे, नुसता निर्देश बदलायचा आहे. पॅकेज वेगळं असेल तर पूर्ण फर्मवेअर टाकावं लागतं.

मॉडेल क्रमांकाचं शेवटचं अक्षर

एस२१ घ्या. भारतात आणि युरोपात विकला गेलेला फोन एसएम-जी९९१बी, त्यात एक्सिनॉस २१०० प्रोसेसर. अमेरिकेतला जी९९१यू, त्यात स्नॅपड्रॅगन ८८८. नाव एक, रंग एक, कव्हरही एकच बसतं, पण आतला मेंदू वेगळा. एकाचं फर्मवेअर दुसऱ्यावर चालणं शक्य नाही, टाकायला गेलात तर फोन नकार देतो. एस२२ च्या वेळी उलट झालं. युरोपला एस९०१बी एक्सिनॉससह मिळाला आणि भारताला एस९०१ई स्नॅपड्रॅगनसह. म्हणजे लंडनहून आणलेल्या एस२२ वर भारताचं फर्मवेअर जाणार नाही.

शेवटच्या अक्षरांची ढोबळ ओळख ठेवा. बी म्हणजे आंतरराष्ट्रीय, यू अमेरिकेतल्या सिम कंपन्यांचा, यू१ अमेरिकेतला अनलॉक, डब्ल्यू कॅनडाचा, एन कोरियाचा आणि शेवटी शून्य असेल तर चीन-हाँगकाँग बाजूचा. ज्या फर्मवेअरचं मॉडेल तुमच्या फोनशी अक्षर न् अक्षर जुळतं तेच टाकायचं. यू आणि यू१ यांच्यात अमेरिकेतले लोक अदलाबदल करतात, तो एक वेगळा प्रकार आहे. बाकी मॉडेल जुळलं नाही तर तिथेच थांबायचं. "करून देतो" म्हणणारा कोणी भेटला तरी थांबायचं.

म्हणूनच अमेरिकेहून फोन मागवताना आधी विचार करा. त्याला भारताचा कोड देण्याचा सरळ मार्ग नाही.

एक ओळ, अनेक उत्तरं

फर्मवेअरच्या नावातच बरंच काही लिहिलेलं असतं. समजा बिल्डची ओळ अशी आहे: जी९९१बी-एक्सएक्स-यू-५-सी-व्ही-डी-डी. फोनवर ती सलग दिसते, इथे वाचायला सोपी जावी म्हणून तोडली आहे.

जी९९१बी हे मॉडेल. एक्सएक्स हा प्रदेशांचा गट. यू म्हणजे नव्या सोयींसकट अपडेट. तिथे एस असेल तर फक्त सुरक्षेचा पॅच. सी म्हणजे त्या फोनची तिसरी मोठी आवृत्ती, कारण फोन बाजारात येतो तेव्हा ए असतो. व्ही हे वर्ष: यू २०२१, व्ही २०२२, डब्ल्यू २०२३, एक्स २०२४, वाय २०२५. त्यापुढचा डी म्हणजे एप्रिल, कारण ए जानेवारी आणि एल डिसेंबर. शेवटचा डी त्या महिन्यातल्या बिल्डचा क्रम. १ ते ९ संपले की ए, बी, सी सुरू होतात, म्हणजे हा तेरावा.

मधला ५ मुद्दाम शेवटी ठेवला, कारण सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे. हा बूटलोडरचा, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा क्रमांक, दुकानदारांच्या भाषेत बायनरी. सुरक्षेतली एखादी मोठी फट बुजवली की सॅमसंग हा आकडा एकाने वाढवते, आणि फोन ते अपडेट घेताना चिपमध्ये कायमची नोंद करतो. एकदा ५ झाला की ४ चं फर्मवेअर तो कधीच स्वीकारत नाही. तुम्ही टाकायला गेलात तर स्क्रीनवर एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल असा संदेश येतो आणि शेजारी दोन आकडे दिसतात, एक फोनचा आणि एक फाइलचा.

रीजन बदलताना हे फार आड येतं. दुबईच्या फोनवर बायनरी ५ आहे आणि भारतासाठी आलेलं ताजं फर्मवेअर अजून ४ वर आहे, असं असेल तर भारताचं अपडेट ५ वर येईपर्यंत थांबण्यावाचून उपाय नाही. काही जण नवं अँड्रॉइड लवकर मिळावं म्हणून दुसऱ्या देशाचं फर्मवेअर टाकतात आणि नंतर परत यायचं म्हटलं की नेमके इथे अडकतात. दोन-चार आठवडे लवकर मिळणाऱ्या अपडेटसाठी हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

आधी बिनधोक मार्ग

अलीकडचे फोन स्वतःच बरंच सांभाळतात. भारतीय सिम घालून फोन चालू केल्यावर तो सेटिंग बदलण्यासाठी रीस्टार्ट मागत असेल तर होकार द्या. तसं झालं नाही तर सगळा डेटा सुरक्षित करा, फोन बंद करून भारतीय सिम आत ठेवा, फॅक्टरी रीसेट करा आणि सिमसकटच पहिली सुरुवात होऊ द्या. हवा तो कोड पॅकेजमध्ये असेल तर काही मॉडेल एवढ्यावर मार्गाला लागतात. कोड बदलला नाही तरी व्हीओएलटीई सुरू होण्याची शक्यता असते. तेवढ्याने काम भागलं तर पुढे जाऊ नका.

जुन्या फोनांवर डायलरमध्ये *#२७२*, त्यापुढे फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक म्हणजे आयएमईआय आणि शेवटी # दाबलं की पॅकेजमधल्या कोडांची यादी उघडायची. त्यातून आयएनएस निवडला की फोन सगळा डेटा पुसून नव्या रीजनमध्ये उठायचा. नव्या फोनांवर ही वाट बहुधा बंद आहे. करून पाहायला हरकत नाही, फक्त यादी उघडली तर निवड करण्याआधी बॅकअप झालाय याची खात्री करा.

ओडिनने पूर्ण फर्मवेअर टाकणं

इथून पुढे विंडोजचा संगणक लागतो. ओडिन हे केबलवरून फोनमध्ये फर्मवेअर टाकायचं, मुळात सॅमसंगच्या अंतर्गत वापराचं साधन आहे. अधिकृत, सही असलेलं, त्याच मॉडेलचं फर्मवेअर त्याने टाकलं तर नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज, म्हणजे फोनशी छेडछाड झाल्याची कायमची खूण, उडत नाही. बूटलोडर अनलॉक करून बदललेलं सॉफ्टवेअर टाकलं तर मात्र तो कायमचा उडतो, आणि मग सिक्युअर फोल्डर, सॅमसंगची पेमेंट सेवा वगैरे त्या फोनवर पुन्हा चालत नाहीत. रीजन बदलायला बूटलोडर अनलॉक करायची गरजच नाही. कोणी तसं सांगत असेल तर काम दुसरीकडे द्या.

तयारीत वेळ घाला. रीजन बदलताना फोन पूर्ण पुसला जातो. फोटो आणि संपर्क सॅमसंगच्या स्मार्ट स्विच या प्रोग्रामने संगणकावर घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा करा, सिक्युअर फोल्डरमधल्या फाइल हाताने बाहेर काढा. ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर दुसऱ्या फोनवर हलवा. बँक आणि यूपीआयची अ‍ॅप नव्याने नोंदवावी लागतील, त्यासाठी सिमवर एसएमएस पाठवण्याइतका बॅलन्स ठेवा. मग फोनमधून सॅमसंग आणि गूगल ही दोन्ही खाती काढून टाका. खातं तसंच राहिलं तर पुसलेला फोन जुना पासवर्ड मागतो, आणि तो आठवत नसेल तर फोन हातात असून उपयोग नाही. सिक्युरिटी अँड प्रायव्हसीमध्ये ऑटो ब्लॉकर असेल तर तो बंद करा, कारण तो यूएसबीवरून येणारं सॉफ्टवेअर अडवतो. बॅटरी ५० टक्क्यांच्या वर हवी.

फर्मवेअरची झिप मॉडेलप्रमाणे ६ ते १० जीबीची असते. उघडल्यावर तेवढीच जागा पुन्हा लागते, म्हणून संगणकावर २५ जीबी मोकळी ठेवा. सॅमएफडब्ल्यू, सॅममोबाइल या साइट किंवा फ्रिजा हा प्रोग्राम वापरून मॉडेल आणि कोड देऊन ती उतरवता येते. झिपमध्ये पाच फाइल मिळतात: बीएल, एपी, सीपी, सीएससी आणि होम सीएससी. शेवटच्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. होम सीएससी डेटा राखून ठेवते, ती त्याच रीजनमध्ये अपडेट करण्यासाठी. सीएससी सगळं पुसून नवी मांडणी करते. डेटा वाचावा म्हणून रीजन बदलताना होम सीएससी टाकली की जुन्या देशाचे अवशेष राहतात, अ‍ॅप बंद पडायला लागतात आणि अपडेट येईनासं होतं. रीजन बदलायचा तर सीएससीच.

आता जोडणी. संगणकावर सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर टाका आणि ओडिन उघडा. फोन बंद करा. केबलचं एक टोक आधी संगणकात खोचा. मग आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरून दुसरं टोक फोनला लावा. निळसर हिरवी सूचना दिसली की बटणं सोडा. इथे आवाज वाढवायचं बटण एकदाच, चटकन दाबायचं, म्हणजे फोन डाउनलोड मोडमध्ये जातो. तेच बटण लांब दाबून धरणं म्हणजे बूटलोडर अनलॉकची वाट, तिथे जायचं नाही.

पुढच्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरं येतात. फोटो काढून ठेवा, कारण त्यात फोनचा सध्याचा कोड, बायनरीचा आकडा आणि नॉक्सची स्थिती असते. वॉरंटी व्हॉइडपुढे शून्याऐवजी १ दिसला तर फोन आधीच कोणीतरी उघडलेला आहे. केजी स्टेटपुढे लॉक्ड दिसलं तर हप्ते थकलेला किंवा कंपनीने बांधून ठेवलेला फोन असू शकतो.

ओडिनमध्ये आयडी कॉमचा चौकोन निळा झाला की जोडणी झाली. होम सीएससी सोडून बाकीच्या चारही फाइल आपापल्या खणात घाला. एपीची फाइल निवडल्यावर ओडिन दोन-तीन मिनिटं गोठल्यासारखं होतं. ते फाइल तपासत असतं, बंद करू नका. ऑप्शन्समध्ये ऑटो रीबूट आणि एफ रीसेट टाइम या दोनच खुणा हव्यात. रीपार्टिशन आणि नँड इरेज यांना हात लावायचा नाही. स्टार्ट दाबा. ५ ते १० मिनिटांत हिरवा पास दिसतो. पहिल्यांदा फोन उघडायला पंधरा मिनिटंही लागू शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कुठे अडतं आणि का

ओडिन सेटअप कनेक्शनवर अडकून बसलं तर दोष बहुतेक वेळा केबलचा, हबचा किंवा ड्रायव्हरचा असतो. फोनसोबत आलेली केबल वापरा, हब काढा, डेस्कटॉप असेल तर मागचं पोर्ट घ्या, आणि फोन पुन्हा डाउनलोड मोडमध्ये नेऊन सुरुवात करा.

फेल आणि कंसात ऑथ दिसलं तर मॉडेल चुकलं आहे, बायनरी खाली आहे किंवा फाइल अर्धवट उतरली आहे. याच क्रमाने तपासा.

मधेच वीज गेली किंवा केबल हलली तर फोनवर सॉफ्टवेअर अपडेट करताना चूक झाली असा पडदा येतो. फोन मेला नाही. त्याच चार फाइल पहिल्यापासून टाकल्या की बहुतेक वेळा उठतो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी, ती यासाठीच.

पास झालं पण फोन सॅमसंगच्या चिन्हावर घुटमळतोय, तर रिकव्हरी नावाच्या दुरुस्तीच्या मेनूतून डेटा पुसावा लागतो. फोन केबलने संगणकाला जोडलेला ठेवूनच आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबा. नव्या फोनांवर केबलशिवाय रिकव्हरी उघडत नाही, आणि हे माहीत नसल्याने लोक तासन्‌तास बटणं दाबत बसतात.

सर्वांत जास्त निराशा करणारी गोष्ट वेगळीच आहे. सगळं नीट पार पडतं, फोन उघडतो आणि कोड पाहिला तर अजूनही एक्सएसजी! याचं कारण असं की चालू कोडची नोंद ईएफएस नावाच्या वेगळ्या कप्प्यात असते, आणि ओडिन त्याला हात लावत नाही. नव्या पॅकेजमध्येही जुना कोड असेल तर फोन तोच उचलतो. म्हणून फर्मवेअर आयएनएसच्या नावाने उतरवलं तरी ओएक्सएमसारख्या मोठ्या पॅकेजमध्ये देश बदलेलच असं नाही. पॅकेज पूर्ण वेगळं असेल आणि जुना कोड त्यात नसेलच, तर फोन नव्या पॅकेजच्या मूळ कोडवर जातो.

तिथून पुढे पैसे घेऊन केबलवरून कोड बदलून देणारी साधनं आहेत. ती सॅमसंगची नाहीत, आणि नव्या सुरक्षा पॅचनंतर त्यातली अनेक चालत नाहीत. त्या ईएफएस कप्प्यातच आयएमईआय आणि रेडिओची जुळणी असते. तो बिघडला तर फोनला कुठलंच नेटवर्क मिळत नाही. फक्त अपडेट लवकर यावं म्हणून एवढा धोका पत्करू नये. व्हीओएलटीई आणि कॉल दोन्ही चालत असतील तर कोड एक्सएसजी राहिला तरी रोजच्या वापरात फार बिघडत नाही. अपडेट येतंच राहतं, फक्त दुबईच्या रांगेतून.

दुकानात काम देताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. आत जाण्यापूर्वी *#०६# दाबून आयएमईआयचा फोटो काढा आणि फोन परत घेताना पुन्हा तपासा. आयएमईआय बदलणं हा भारतात गुन्हा आहे, त्यासाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नियम आले होते. रीजन बदलताना तो आकडा बदलण्याचं काहीच कारण नाही. बाहेरचा सेकंडहँड फोन घेत असाल तर केवायएम, एक मोकळी जागा आणि आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. तो आयएमईआय काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं.

इतर फोनांबद्दल थोडं

शाओमीच्या आवृत्तीच्या नावात शेवटच्या दोन अक्षरांआधीची दोन अक्षरं देश सांगतात: आयएन भारत, ईयू युरोप, एमआय ग्लोबल, सीएन चीन. चिनी हार्डवेअरवर ग्लोबल सॉफ्टवेअर घालून विकलेले फोन बाजारात मिळतात. तिथे रीजन बदलायला बूटलोडर उघडावा लागतो, त्यासाठी काही दिवस थांबावं लागतं, आणि काम झाल्यावर बूटलोडर पुन्हा बंद केला तर फोन ही आवृत्ती इथे चालणार नाही असं सांगून अडून बसतो. तो उघडाच ठेवला तर काही बँक अ‍ॅप रुसतात. त्यामुळे भारतात वापरायला चिनी मॉडेल न घेतलेलंच बरं.

आयफोनमध्ये रीजन बदलण्याचा प्रश्नच येत नाही. एका मॉडेलचं आयओएस जगभर एकच असतं, आणि फोन कुठल्या देशासाठी बनवला ते हार्डवेअरमध्ये कोरलेलं असतं.

काम झाल्यावर काय पाहायचं

सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जनमध्ये पहिला कोड आयएनएस आहे ना ते पाहा. मोबाइल नेटवर्क्समध्ये दोन्ही सिमपुढे व्हीओएलटीई कॉल्सची खिट्टी दिसली पाहिजे. जिओवरून एक मिनिट बोला आणि बोलत असताना वर फोरजीचं किंवा व्हीओएलटीईचं चिन्ह टिकतं का बघा. मग सॉफ्टवेअर अपडेट दाबा. अपडेट सापडलं किंवा फोन अद्ययावत आहे असं उत्तर आलं, तर मॉडेल आणि कोडची जोडी सॅमसंगच्या सर्व्हरने ओळखली. नोंदणीत अडचण आल्याचा संदेश आला तर घड्याळ आपोआप लागलेलं आहे का पाहा, एकदा रीस्टार्ट करा, आणि तरीही तसंच राहिलं तर कोड आणि पॅकेज जुळलेलं नाही असं समजून ते आधी दुरुस्त करा.

मेनूत मराठी भाषा आहे का तेही बघून घ्या. प्रत्येक देशाच्या फर्मवेअरमध्ये ती असतेच असं नाही. नसेल तरी मराठी वाचायला अडचण येत नाही, आणि टाइप करायला गूगलचा जीबोर्ड टाकला की देवनागरी कळफलक मिळतो. वॉरंटीची पावती मात्र दुबईचीच राहते. फोनवर भारताचं सॉफ्टवेअर आलं म्हणून तो भारतात विकलेला फोन ठरत नाही, तेव्हा पडदा फुटला तर इथल्या दुरुस्तीचा खर्च स्वतःचा धरूनच चाला.